उहुराची पत्रं कुणी दाबली?

अभ्यासवर्गातलं भाषण. बोललं तसंच उतरवलं आहे, फक्त पुनरुक्ती काढली आहे.



आजचा विषय ऐकून काहीजण गालात हसले. वस्तीत नळाला पाणी नाही आणि हा गडी अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या अंतराळयानाच्या गोष्टी सांगणार. हसणाऱ्यांचं मी वाईट मानत नाही. पण एक सवाल विचारतो. इतिहासात आपल्याला कुठं बसवलं ते आपण पोथ्या उलट्यापालट्या करून शोधून काढलं. भविष्यात कुठं बसवणार आहेत, ते कोण शोधणार? भविष्यसुद्धा कुणीतरी लिहितंच की. टेबलाशी बसून, पगार घेऊन, वरच्या साहेबाची मंजुरी घेऊन लिहितं. आणि कोट्यवधी लोक ते बघतात, त्यावर चिडतात, भांडतात, पत्रं लिहितात. या भांडणाऱ्या लोकांबद्दल मला बोलायचंय. त्यांना फॅन म्हणतात. आपल्याकडं फॅन म्हटलं की हिरोच्या कटआऊटला दुधाची आंघोळ घालणारा डोळ्यापुढं येतो. हे लोक तसले नव्हेत. निदान सगळे नव्हेत.

तारखा बघा. ८ सप्टेंबर १९६६ ला एनबीसी वाहिनीवर 'स्टार ट्रेक' सुरू झाली. त्याच सालच्या ऑक्टोबरात ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. ते पँथर नाव १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी उचललं, हे तुम्हांला सांगायला नको. म्हणजे एकाच देशात, महिनाभराच्या अंतरानं, इकडं काळी पोरं पोलिसांच्या डोळ्यांला डोळा भिडवून रस्त्यावर उभी राहिली आणि तिकडं टीव्हीच्या डब्यात तेविसाव्या शतकातलं एक यान उडालं. यानाचा कॅप्टन कर्क गोरा. शेजारी टोकदार कानांचा, अर्धा परग्रहावरचा स्पॉक. आशियाई वंशाचा सुलू. आणि संदेशयंत्रापुढं एक काळी बाई, लेफ्टनंट उहुरा. स्वाहिली भाषेत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य, त्यावरून तिचं नाव. ही मालिका १९८० च्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही लागायची. तुमच्या आईबापांना विचारा, टीव्ही असलेल्या शेजाऱ्याच्या दारात उभं राहून कुणी बघितली असेल.

त्या काळात अमेरिकन पडद्यावर काळी बाई यायची ती बहुतेक वेळा मोलकरीण म्हणून. इथं ती अधिकारी होती. अंगावर गणवेश, हुद्दा, हाताखाली यंत्र. गोष्ट मोठीच होती. पण लेखकांनी तिला काम काय दिलं? कानात यंत्र घालून कॅप्टनला सांगायचं की वाहिनी खुली आहे. पुढल्या आठवड्यात परत वाहिनी खुली आहे. तिची भूमिका करणारी निशेल निकोल्स गाणारी, नाचणारी, रंगभूमी गाजवलेली बाई. हातात येणाऱ्या संहितेत तिची वाक्यं असायची, आणि चित्रीकरणाच्या दिवसापर्यंत कात्री लागून लागून दोनच उरायची. तिला आईबाप नाहीत, गाव नाही, पहिलं नावसुद्धा नाही. नुसतं उहुरा. गावच्या पाटलाला पूर्ण नाव आणि आपल्या आज्याला नुसती हाक, तसं.

पहिला हंगाम संपला आणि निकोल्स कंटाळून निघाली. मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी, त्याला तिनं सांगूनही टाकलं. मग एका कार्यक्रमात तिला कुणीतरी म्हणालं, तुमचा एक फॅन तुम्हांला भेटायचं म्हणतोय. वळून बघते तर मार्टिन ल्यूथर किंग. तिनंच ही हकीकत पुढं जन्मभर सांगितली. किंगच्या घरी मुलांना उशिरापर्यंत जागून बघायला परवानगी असलेली ही एकच मालिका होती. आणि त्यानं तिला बजावलं की सोडायचं नाही. तुझी खुर्ची रिकामी झाली तर ती काळ्या माणसानंच भरली पाहिजे असं काही नाही, तिथं कुणीही बसेल. ती राहिली.

ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पुढारी आला, दोन शब्द बोलला, बाई राहिली, टाळ्या. पण १९९४ साली आलेल्या तिच्या आत्मचरित्रात दुसरी एक गोष्ट आहे, आणि मला ती जास्त झोंबते. तिच्या नावानं फॅन लोकांची पत्रं येत होती. ढिगानं येत होती. स्टुडिओ ती तिच्यापर्यंत पोचूच देत नव्हता. टपालखोलीत पत्रं पडून, आणि ही समजतेय की आपली दोन वाक्यं कुणाच्या लक्षातही येत नसणार.

आता विचार करा, त्या पत्रांत काय असेल? कुठल्यातरी गावातल्या काळ्या पोरीनं शाळेच्या वहीचं पान फाडून लिहिलं असेल की बाई, तुम्ही आज फक्त एकदाच बोललात, का? हे फॅनचं मत. यातच समीक्षा आली. त्यासाठी सौंदर्यशास्त्र शिकावं लागत नाही. पात्राला काम काय आहे, बोलायला किती दिलंय, त्याच्या घरी कोण आहे, हे मोजता आलं की झालं. आणि हे मोजमाप जिच्यापर्यंत पोचायला पाहिजे तिच्याचपासून दडवलं. कारण तिला कळलं असतं की आपल्यामागं माणसं आहेत, तर तिनं पगार वाढवून मागितला असता. वाक्यं मागितली असती. गिरणीतल्या मुकादमाला हे गणित बरोबर कळतं.

पण फॅन लोक नुसते पत्र टाकून गप्प बसणारे नव्हते. १९६७ मध्येच न्यूयॉर्कात 'स्पॉकॅनेलिया' नावाचं त्यांचं स्वतःचं मासिक निघालं. सगळं घरचं काम, पदरचे पैसे. पुढं अशी शेकडो निघाली. यात बहुसंख्य बाया. नोकरी करून, घर सांभाळून, रात्री टाईप करायच्या, स्टेन्सिल कापायच्या, सायक्लोस्टाईल काढायच्या, पिना मारून टपालात टाकायच्या. आपल्या अनियतकालिकांच्या बोटांना जी शाई लागली तीच ही शाई. त्यांत त्या काय लिहीत? स्पॉकच्या आईबद्दल. यानावरच्या नर्सबद्दल. लेखकांनी ज्या पात्राला दोन मिनिटं दिली त्याला त्या चाळीस पानं द्यायच्या. लेखकानं जो दरवाजा बंद केला तो ढकलून आत काय आहे ते बघायच्या.

मालिका बंद होणार अशी बातमी फुटली तेव्हा बीजो ट्रिम्बल आणि तिचा नवरा जॉन यांनी घरात बसून मोहीम काढली. याला पत्र लिही, त्यानं दहाजणांना लिहावं. विद्यार्थ्यांनी वाहिनीच्या दारावर मोर्चा नेला. लाखाच्या घरात पत्रं पडली, आणि मार्च १९६८ मध्ये वाहिनीला पडद्यावरून जाहीर करावं लागलं की मालिका चालू राहील, आता पत्रं थांबवा. जिंकले. आणि मग मालकांनी काय केलं? वेळ दिली शुक्रवारी रात्री दहाची, जेव्हा तरणी पोरं घराबाहेर असतात. खर्च छाटला. १९६९ मध्ये ७९ भागांवर दुकान बंद. मागणी मान्य करायची आणि अंमलबजावणीत मारायची. राखीव जागांचा अनुशेष ज्यांना माहीत आहे त्यांना हे फोड करून सांगायला नको.

आता लिखाणाकडं येऊ. दोन भाग घेतो.

२२ नोव्हेंबर १९६८ ला कर्क आणि उहुरा यांचं चुंबन दाखवलं. गोरा आणि काळी. दक्षिणेकडच्या केंद्रांना काय वाटेल म्हणून वाहिनीवाले घाबरले होते. निकोल्सनं लिहिलंय की टपाल उलट आलं. लोकांना आवडलं, शिव्या जवळजवळ नव्हत्याच. म्हणजे मालक ज्या लोकांच्या नावानं घाबरत होता ते लोक मालकाच्या पुढं होते. पण गोष्ट नीट बघा. हे दोघं स्वतःच्या मर्जीनं जवळ येत नाहीत. एका ग्रहावर देवासारखी शक्ती असलेले लोक मनाच्या जोरानं त्यांना बाहुल्यांसारखं नाचवतात आणि एकमेकांवर ढकलतात. दोघंही मनातून विरोध करताहेत. लेखकाला आंतरवंशीय चुंबन पाहिजे, पण ते कुणाची इच्छा म्हणून नको. जबरदस्ती म्हणून चालेल. पुढं कितीतरी फॅननी यावर बोट ठेवलं, आणि बरोबर ठेवलं. आपल्या कथा-सिनेमांतल्या आंतरजातीय लग्नाचं असंच होतं. प्रेम होतं, पण शेवटी नदीला पूर येतो.

दुसरा भाग १० जानेवारी १९६९ चा. चेरॉन ग्रहावरचे दोघे यानावर येतात. एकाचा चेहरा उजवीकडं काळा, डावीकडं पांढरा. दुसऱ्याचा नेमका उलटा. एवढ्यावरून एक जमात मालक आणि दुसरी गुलाम. बील हा मालकांचा पोलीस, लोकाई हा पळून आलेला बंडखोर. हजारो वर्षं हा त्याचा पाठलाग करतोय. शेवटी कळतं की त्यांच्या ग्रहावर सगळेच एकमेकांना मारून संपले. आणि कर्कचा उपदेश काय? दोघांनीही द्वेष सोडा.

दोघांनीही! दोस्तहो, या 'ही' वर थांबा. ज्याच्या पायात बेडी आहे आणि ज्याच्या हातात किल्ली आहे, त्या दोघांना एकच प्रवचन. लोकाई तर यानावरच्या पोरांना विचारतो की तुमच्याकडचा छळ तुम्ही पुस्तकात वाचलाय, भोगलाय का? लेखकाच्या हातून एवढं खरं वाक्य पडतं, आणि तोच लेखक पुढं त्या माणसाला निव्वळ माथेफिरू करून टाकतो. शहाणा कोण? तर गोरा कॅप्टन, मधे उभा असलेला. पिढ्यान्पिढ्या शाळांतून हा भाग समतेचा धडा म्हणून कौतुकानं दाखवला असेल. मला त्यात आपल्याकडचा गांधीटोपीतला मध्यस्थ दिसतो, जो मारहाण झालेल्या गावात येऊन दोन्ही बाजूंना शांततेचं आवाहन करतो.

चोवीस वर्षं पुढं जाऊ. १९९३ मध्ये याच घराण्यातली 'डीप स्पेस नाइन' सुरू झाली. नायक बेंजामिन सिस्को, काळा, एकट्यानं मुलगा वाढवणारा बाप. काम एव्हरी ब्रुक्सचं. कर्क कॅप्टन, पिकार्ड कॅप्टन, नंतरची जेनवे कॅप्टन, सगळे पहिल्या दिवसापासून. सिस्को मात्र कमांडर. कॅप्टन व्हायला १९९५ उजाडलं, तीन हंगाम गेले. लेखकांकडं कारणं होती. यान नाही, स्थानक आहे, वगैरे. कारणं असतातच. बढतीच्या फायलीवर कारण लिहिलेलं नाही असं तुम्ही कधी बघितलंय? फॅननी हे पहिल्यापासून पकडलं होतं.

या मालिकेत ११ फेब्रुवारी १९९८ ला एक भाग आला. त्यात सिस्कोला भास होतो की आपण १९५३ च्या न्यूयॉर्कमधले बेनी रसेल आहोत. बेनी विज्ञानकथेच्या एका मासिकाचा लेखक. काळा. वाचकांना हे ठाऊक नाही. मालक सांगतो की वाचकांना लेखकांचा फोटो पाहिजे, फोटो काढू. संपादक बेनीला म्हणतो, तू त्या दिवशी जरा उशिरा ये. एक बाई लेखिका आहे, आद्याक्षरं लावून पुरुषासारखं नाव घेऊन लिहिणारी, तिलाही तेच सांगतो. बेनी गोष्ट लिहितो ती अंतराळस्थानकाच्या काळ्या कॅप्टनची. संपादक म्हणतो उत्तम आहे, पण छापता येत नाही. लोक विश्वास ठेवणार नाहीत. मग तोडगा निघतो की शेवटी हे सगळं स्वप्न होतं असं दाखव. बेनी तेही कबूल करतो. तरी मालक अख्खा अंक रद्दीत घालतो आणि बेनीला काढून टाकतो. मधे रस्त्यावरचा एक पोरगा, जिमी, बेनीला हिणवतो की आपल्याला अंतराळात न्यायचंच झालं तर बूट पुसायला नेतील. त्या जिमीला पोलीस गोळी घालतात. बेनीला तुडवतात.

हे काल्पनिक म्हणून सोडू नका. सॅम्युएल डिलेनी हा काळा लेखक. त्याची 'नोव्हा' कादंबरी १९६८ साली आली. त्याआधी 'ॲनालॉग' मासिकाचा संपादक जॉन कॅम्पबेल याच्याकडं ती क्रमशः छापायला दिली होती. कॅम्पबेलनं कळवलं की लिखाण आवडलं, पण आमच्या वाचकाला काळा नायक आपला वाटणार नाही. डिलेनीनं हे १९९८ मध्ये स्वतः लिहिलंय, म्हणजे बेनी रसेल पडद्यावर आला त्याच साली. आणि आद्याक्षरांचं म्हणाल तर मूळ 'स्टार ट्रेक'ची नामांकित लेखिका डोरोथी फॉन्टाना. श्रेयनामावलीत ती डी. सी. फॉन्टाना. प्रत्येक वेळी नाव पुढं करतात ते वाचकाचं. वाचक विश्वास ठेवणार नाही. वाचकाला आवडणार नाही. वाचकाची पत्रं टपालखोलीत, आणि वाचकाच्या वतीनं बोलतो कोण, तर संपादक.

इथं एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. बेनीचा भाग लिहिणारे, कथा मार्क स्कॉट झिक्रीची आणि पटकथा आयरा स्टीव्हन बेअर व हान्स बाइमलर यांची, तिघंही गोरे. दिग्दर्शन मात्र ब्रुक्सनं स्वतः केलं, आणि शेवटी कोसळून पडणारा बेनी बघितला की कळतं, हे कागदावरून आलेलं नाही. आपल्याकडं या वादावर किती रक्त आटवलंय, दलिताचं जगणं कुणी लिहावं, बाहेरच्याला जमतं का. माझं मत विचाराल तर बाहेरच्यानं लिहिलं म्हणून मी ते फेकणार नाही. पण खोलीत बसलेल्यांत एक तरी बेनी का नाही, हे विचारायचं सोडणारही नाही. शेवटचा भाग आला तेव्हा, जून १९९९ मध्ये, हेच झालं. सिस्को गरोदर बायकोला मागं टाकून देवांच्या लोकात निघून जातो असं लिहिलं होतं. ब्रुक्स अडून बसला. काळा बाप बायकापोरांना टाकून पळतो, हीच तर गोऱ्यांची जुनी शिवी. मग वाक्यं बदलली; सिस्को सांगतो की मी परत येईन. नटानं ते बघितलं, लेखकांच्या नजरेतून सुटलं होतं.

फॅन म्हणजे आपोआप पुरोगामी असं मात्र समजू नका. १९७३ मध्ये पॉला स्मिथ नावाच्या फॅन बाईनं एक छोटी थट्टा लिहिली. पंधरा वर्षांची मेरी सू यानावर येते, सगळ्यांपेक्षा हुशार, सगळे तिच्या प्रेमात. नवशिक्या लेखकांची ही गंमत होती. पण त्या नावाची पुढं लाठी झाली. कुठल्याही कर्तबगार बाईपात्रावर ती पडायला लागली. कर्क एकटा विश्व वाचवतो तेव्हा ते शौर्य. २०१७ च्या 'डिस्कव्हरी'त काळी मायकल बर्नम तेच करते तेव्हा ती मेरी सू. तिच्या लिखाणात खोट होती, ती जरूर दाखवावी; दर हंगामात सगळ्या विश्वाचा भार एकाच पात्रावर टाकणं हे ढिलं लिखाणच आहे. पण 'आमच्या मालिकेत राजकारण घुसवलं' म्हणून ओरडणारेही होते. च्यायला, चेरॉनचा भाग बघताना यांचे डोळे मिटले होते काय? ही सवर्ण तक्रार ओळखायला शिका. साहित्यात राजकारण आणलं, ही तक्रार आपण पाठ केलीय.

उहुराचं काय झालं म्हणता? १९८२ मध्ये विल्यम रॉट्स्लर या जुन्या फॅन चित्रकारानं आपल्या पुस्तकात तिला पहिलं नाव दिलं, न्योटा. फॅन लोक तेच वापरत राहिले. पडद्यावर ते यायला २००९ चा सिनेमा उजाडला. १९९१ च्या सिनेमात तर संदेशखात्याची ही अधिकारी शत्रूची भाषा बोलायला जाडजाड शब्दकोश चाळताना दाखवली. भाषा हेच तिचं काम, आणि तीच तिला येत नाही! निकोल्सनं विरोध केला, ऐकलं नाही. फॅन त्या दृश्यावर अजून दात खातात. मे २०२२ मध्ये 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'मध्ये तरुण उहुरा आली, सीलिया रोझ गुडिंगनं केलेली. तिला ३७ भाषा येतात. ती केनियाची आहे, तिला आईबाप होते, भाऊ होता, अपघातात गेले. खुर्चीवर बसल्यापासून ५६ वर्षांनी बाईला घर मिळालं. त्याच साली ३० जुलैला निशेल निकोल्स वारली.

आता भांडणाचा एक मुद्दा तुमच्यावर सोडतो. १९९९ मध्ये 'डीप स्पेस नाइन'चा एक हलकाफुलका भाग आला. यंत्रानं तयार केलेला १९६२ सालचा लास व्हेगासचा नाचगाण्याचा क्लब, सगळे तिथं मजा करतात. सिस्को जात नाही. म्हणतो, १९६२ मध्ये माझ्या माणसांना तिथं गिऱ्हाईक म्हणून उभं केलं नसतं, आणि हे खोटं चित्र मी मान्य करणार नाही. त्याची मैत्रीण कॅसिडी, तीही काळी, म्हणते की तेव्हा असायला हवं होतं ते चित्र हे आहे, आपल्याला आता कुणी अडवत नाही, चल. शेवटी तो जातो, गातोसुद्धा. फॅनमध्ये आजही दोन तट आहेत. एक म्हणतो चोविसाव्या शतकात हे दुखणं कशाला उकरलं. दुसरा म्हणतो, उकरलं ते बरोबर, तो शेवटी गेला हेच चुकलं. मी सिस्कोच्या पहिल्या नकाराच्या बाजूचा. पेशवाईचा सेट लावून त्यात आपल्याला पालखीत बसवलं तरी मी बसणार नाही. पण कॅसिडीचं म्हणणं मला पुरतं खोडता आलेलं नाही, आणि इथं बसलेल्या पोरींपैकी काहीजणी तिच्या बाजूच्या आहेत हे मला ठाऊक आहे. बोला तुम्ही.

बेनी रसेलचा भाग आणलाय. पाऊण तासाचा आहे, इंग्रजीत आहे, अडेल तिथं थांबवून सांगतो. दाराजवळचा दिवा घालवा कुणीतरी.